तिखटाला बोल लावण्याआधी तोंडात बघा

वाचकाचं पत्र, थोडक्यात

तासगाव तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. ताई ४३ वर्षांच्या, यजमान ५१ वर्षांचे, घरची दोन एकर द्राक्षबाग. यजमानांना आठ-नऊ महिन्यांपासून छातीत जळजळ, आंबट ढेकर आणि रात्री झोपेत पाणी घशाशी येणं असा त्रास आहे. जळजळ वाढली की मेडिकलमधून आणलेली पित्ताची गोळी, तिने भागलं नाही तर सोड्याची पुडी, आणि रोज रात्री पोट साफ व्हायचं चूर्ण असं चालू आहे. डावीकडच्या खालच्या दोन दाढा चार वर्षांपूर्वी काढल्या, उजवीकडची एक हलते आहे. तंबाखूची सवय जुनी. जेवायला बसले की पाच-सात मिनिटांत उठतात. सासूबाई म्हणतात, "तुझ्या चटणीनं माझ्या पोराचं पोट जाळलं." म्हणून सहा महिने ताई दोन कालवणं करत आहेत, यजमानांचं बिनतिखट आणि मुलांचं वेगळं. त्रास मात्र आहे तसाच. शेजारीण कुणा वैदूकडून 'आतडी धुऊन' घ्या म्हणते, भाऊ मिरजेला नेऊन दुर्बीण घाला म्हणतो, यजमान दोन्हीला तयार नाहीत. सासूबाईंना स्वतःलाही हल्ली तिखट सोसत नाही, त्या मिश्री लावतात, दुपारी सुपारी असते, भाकरी दुधात कुस्करून खातात, असं पत्रात जाता जाता आलं आहे. ताईंनी विचारलं आहे, "या उन्हाळ्यात वर्षाची चटणी करूच नको का? माझं चुकतंय कुठं?"

ताई,

वर्षाची चटणी करा. मिरच्या निवडा, उन्हात घाला, डंकावर न्या, दरवर्षी करता तशीच करा. हे आधी सांगून टाकते, कारण याच प्रश्नाने तुमची झोप उडाली आहे, हे पत्रावरून कळतं. तुमच्या हातच्या तिखटाने यजमानांचं पोट जाळलं, असं मला तुमच्या पत्रात कुठेही दिसलं नाही.

दिसलं ते वेगळंच. तुम्ही चटणीवर अडीच पानं लिहिली आहेत आणि यजमानांच्या दाढांवर दीड ओळ. मी बरीच वर्षं शरीररचना शिकवली, त्यामुळे माझं बोट त्या दीड ओळीवरच अडून राहिलं. पोटाचं दुखणं म्हटलं की आपला हात बेंबीपाशी जातो. अन्नाचा रस्ता मात्र ओठांपाशी सुरू होतो. आणि या सगळ्या लांबलचक रस्त्यात पहिला चार बोटांचा टप्पाच काय तो आपल्या मर्जीवर चालतो. किती मोठा घास घ्यायचा, किती वेळ चावायचा, कधी गिळायचा, हे आपण ठरवतो. एकदा घास घशाखाली उतरला की थेट शेवटच्या दारापर्यंत आपल्याला कोणी विचारत नाही. तेव्हा जिथे आपलं काही चालतं, तिथून सुरुवात करू या.

आज रात्री स्वयंपाक झाला की एक करून बघा. शाळूच्या भाकरीचा एक तुकडा कालवण न लावता, नुसता कोरडा तोंडात घाला आणि चावत राहा. गिळायची घाई करू नका. पहिल्या सात-आठ वेळा नुसता भुसा लागेल. मग तो ओला होईल, जिभेवर गोळा फिरायला लागेल. वीस-पंचवीस वेळा चावून झालं की हळूहळू गोडी उतरेल. ही साखर बाहेरून आलेली नाही. भाकरीतल्या पिठूळ भागाचं साखरेत रूपांतर करणारं एक पाचकद्रव्य लाळेत असतं, त्याने ती तिथल्या तिथे तयार केली. म्हणजे पचन पोटात सुरू होत नाही, ते तुमच्या दातांमध्ये, तुमच्या देखत सुरू होतं. यजमानांनाही हे करून बघायला सांगा. त्यांना गोडी लागेपर्यंत घास तोंडात ठेवता येतो का, याकडे नीट लक्ष द्या. मला वाटतं, त्यांचा तुकडा त्याआधीच खाली गेलेला असेल.

लाळ कमी महत्त्वाची नाही. दिवसाला साधारण एक ते दीड लिटर लाळ सुटते. ती तयार करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. एक कानाच्या पुढे (गालगुंड झालं की सुजते ती हीच), एक जबड्याच्या खाली आणि एक जिभेखाली. जीभ गालाच्या आतून वरच्या दुसऱ्या दाढेसमोर नेलीत तर बारीकसा उंचवटा लागेल. कानापुढच्या ग्रंथीची नळी तिथे उघडते. चिंच आठवली तरी पाणी सुटतं ते तिथूनही. लाळ घास ओला करते, तोंड धुते, आणि घशाशी आलेलं आम्ल गिळलेल्या लाळेने सौम्य होतं. आता तंबाखूचा बार भरलेला माणूस दिवसभर काय करतो, ते बघा. सुटलेली सगळी लाळ थुंकतो. जी लाळ अन्ननलिकेतली जळजळ विझवायला खाली जायची, ती बांधावर पडते.

आता त्या दीड ओळीकडे येते. मोठ्या माणसाला अक्कलदाढा धरून ३२ दात असतात. पुढचे ८ पटाशीचे, ते तोडण्यासाठी. ४ सुळे. मग ८ उपदाढा आणि १२ दाढा, त्या दळण्यासाठी. दाढ म्हणजे जातं. जात्याला वरची तळी लागते आणि खालचीही लागते. खालची काढून घेतली तर वरची कितीही मजबूत असली, तरी पीठ पडत नाही. यजमानांच्या खालच्या दोन दाढा काढल्या, म्हणजे त्यांच्यावर टेकणाऱ्या वरच्या दोनही बिनकामाच्या झाल्या. दोन काढल्या आणि चार गेल्या. उजवीकडची एक हलते म्हणता, म्हणजे त्या बाजूला ते घास नेत नसणारच, दुखऱ्या दाढेवर कोण चावेल? राहिले पुढचे दात. पुढच्या दातांनी भाकरी तुटते, दळली जात नाही. मग माणूस पाण्याच्या घोटाबरोबर तुकडे खाली लोटतो आणि पाच मिनिटांत उठतो. आपल्याला वाटतं, कामाची गडबड असेल. कामाची गडबड असेलही, पण चावताच येत नाही म्हणून जेवण लवकर संपतं, हेही तितकंच खरं असू शकतं. दाढ काढून चार वर्षं झाली की आणखी एक होतं. समोरची दाढ मोकळ्या जागेत खाली उतरते आणि शेजारचा दात त्या खड्ड्याकडे कलतो. जितका उशीर, तितकी दुरुस्ती अवघड.

दात गेले म्हणून जळजळ सुरू झाली, असं सरळ गणित मी मांडत नाही. जळजळीला कारणं बरीच असतात. पण न चावलेल्या घासाचं पुढे काय होतं, ते ऐका म्हणजे मी इथे का अडून बसले ते कळेल.

घास गिळताना टाळ्याचा मागचा मऊ भाग, पडजिभेसकट, वर उचलला जाऊन नाकाचा रस्ता बंद करतो, श्वासनलिकेवर झाकण पडतं, आणि घास अन्ननलिकेत उतरतो. ही नळी साधारण २५ सेंटीमीटर लांब. घास तिच्यातून नुसता पडत नाही, नळीचे स्नायू मागून आवळत त्याला पुढे सरकवतात. उसाच्या रसाच्या गाड्यावर चरकातून कांडकं पुढे सरकतं तसं. नळी जिथे पोटाच्या पिशवीला, म्हणजे जठराला मिळते, तिथे गोल स्नायूचं एक दार आहे. घास आला की उघडतं, गेला की मिटतं. यजमानांचा त्रास आहे तो या दाराचा. दार सैल पडलं की जठरातलं आम्ल उलटं वर येतं. जठराला आतून बुळबुळीत जाड थर असतो, त्यामुळे ते स्वतःचं आम्ल सोसतं. अन्ननलिकेला तसा थर नाही, म्हणून ती जळते.

इथे एका शब्दाबद्दल बोलते, कारण तो शब्द घराघरात गोंधळ घालतो. आपण या त्रासाला 'पित्त' म्हणतो. आयुर्वेदातला पित्त हा शब्द त्या शास्त्राच्या अर्थाने वेगळा आहे, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण शरीर उघडून बघितलं तर पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस, जो पित्ताशयात साठतो आणि लहान आतड्यात जाऊन तेला-तुपाचे बारीक थेंब करतो. छातीत जळतं ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल. आणि हे आम्ल काही शत्रू नाही. त्याच्याशिवाय मटण-डाळीतली प्रथिनं उलगडत नाहीत आणि अन्नातून आलेले कितीतरी जंतू मरत नाहीत. आम्ल तयार होतंय ही तक्रार नाही. ते चुकीच्या जागी येतंय, ही तक्रार आहे. म्हणून सोड्याच्या पुडीने दहा मिनिटं बरं वाटतं आणि पुन्हा सुरू होतं. सोडा आम्लाशी मिसळला की वायू होतो, मोठा ढेकर येतो, माणूस म्हणतो मोकळं झालं. दार तसंच सैल राहतं. शिवाय त्या पुडीत सोडियम बरंच असतं, रक्तदाब असलेल्या माणसाला ते रोज चालत नाही.

जठर न चावलेल्या घासाचं काय करतं? पूर्वी कोणाला माहीत नव्हतं. अमेरिकेत १८२२ मध्ये अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटाला बाहेरून जठरापर्यंत पडलेलं भोक कायमचं राहिलं. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरने त्या भोकातून मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून आत सोडले आणि थोड्या थोड्या वेळाने ओढून बघितले. १८३३ मध्ये त्याने आपली निरीक्षणं छापली. त्यात बारीक केलेलं अन्न लवकर पचतं, मोठे तुकडे रेंगाळतात, हे होतं. आणखी एक होतं, ते मला विद्यार्थ्यांना सांगताना नेहमी महत्त्वाचं वाटायचं. हा माणूस रागावला की त्याच्या जठराचं काम बिघडायचं. तुमच्या घरी ताट वाढलं की चटणीवरून बोलणं सुरू होतं, असं तुम्ही लिहिलं आहे. ते बोलणं जेवणानंतरच्या वेळेवर न्या. एवढं तुमच्या आणि सासूबाईंच्या हातात आहे.

जठराच्या खालच्या टोकाला आणखी एक दार असतं. त्यातून घट्ट अन्नाचे साधारण दोन मिलिमीटरहून बारीक कणच पुढे सरकतात. जे काम दाढांनी करायचं ते झालं नसेल, तर जठर घुसळत बसतं, तासन्‌तास. पोट भरलेलं राहतं. यजमान बागेतून उशिरा येतात, साडेनऊ-दहाला जेवतात आणि लगेच आडवे होतात. भरलेली पिशवी आडवी केली आणि तोंडाची दोरी सैल, मग पाणी घशाशी येणार नाही तर काय! निकोटिनने ते वरचं दार आणखी सैल पडतं, म्हणजे रात्रीच्या जेवणानंतरचा बार हा सगळ्यात वाईट वेळी भरलेला बार.

मग तिखट? मिरचीतल्या तिखट द्रव्याने आपल्या नसांमधली चटक्याची जाणीव जागी होते. गरम तव्याला बोट लागलं की जी जाग येते, तीच. डेव्हिड ज्यूलियस या शास्त्रज्ञाने १९९७ मध्ये ही यंत्रणा दाखवून दिली, त्याबद्दल त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. जाणीव चटक्याची असते, पण तिथे भाजलेलं नसतं. पोटातल्या अल्सरचा दोषही जगभर कित्येक वर्षं मसाल्याला आणि चिंतेला दिला जात होता. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना जठरात राहणारा एक जंतू सापडला आणि अल्सरचं मोठं कारण तो जंतू निघाला. कोणी मानेना, म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जंतूंचं पाणी स्वतः पिऊन दाखवलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आपल्या देशात हा जंतू पुष्कळांच्या पोटात असतो, त्याची तपासणी होते आणि औषधही आहे. कितीतरी सुनांनी तोवर बिनतिखट कालवणं रांधली असतील.

आधीच सुजलेल्या अन्ननलिकेवरून तिखट-तेलकट गेलं तर काहींना झोंबतं, हे खरं आहे. म्हणूनच तुमचे सहा महिने वाया गेले नाहीत. तुम्ही सहा महिने तिखट बंद करून बघितलं आणि फरक पडला नाही, याचा अर्थ कारण दुसरीकडे शोधायचं. हे डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, त्यांना याचा उपयोग होईल. आणि आता दोन कालवणं बंद करा. एकच करा, तेल बेताचं, तिखट घरातल्या सगळ्यांना सोसेल इतकं. ज्याला जास्त हवं त्याने ताटात वरून घ्यावं.

चूर्णाबद्दल थोडक्यात. रोज सकाळी झालंच पाहिजे, नाहीतर विष साठतं, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. दिवसाला तीनदा जाणारा माणूसही ठीक आणि आठवड्याला तीनदा जाणाराही ठीक, त्याचं त्याला सुखाने होत असेल तर. खाणं-पिणं आणि पाचकरस मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव आतड्यांत उतरतो. लहान आतडं त्यातला बहुतेक शोषतं, उरलेला मोठं आतडं आटवतं, आणि बाहेर पडताना जेमतेम ग्लासभर पाणी राहतं. बाजारातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला चिमटा काढून पळवते. अधूनमधून चालेल, पण रोजच्या रोज घेऊन मग "चूर्णाशिवाय होतच नाही" म्हणायची वेळ येते. डबी उलटी करून घटक वाचा आणि डॉक्टरांना दाखवा. सकाळी चहा घेतला की पोट हलतं ना? जठर भरलं की मोठ्या आतड्याला आपोआप हाक जाते, तो रोजचा निसर्ग आहे. त्या वेळी बागेत पळायचं नाही, दहा मिनिटं द्यायची. आतडी धुऊन घेण्याच्या भानगडीत मात्र अजिबात पडू नका. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी आपलं आपणच नवं होतं, त्याला बाहेरून धुणाऱ्याची गरज नसते. अशा उपायांनी अंगातलं पाणी आणि क्षार जाऊन माणसं दवाखान्यात आलेली मी पाहिली आहेत.

आता भावाचं म्हणणं. भाऊ बरोबर आहे. मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभा केला, तेव्हापासून आपल्याकडे मिरजेला न्यायचं म्हणजे मोठं काही निघालं, अशी भीती बसली आहे. यजमान त्या भीतीने नाही म्हणत असावेत. दुर्बिणीची तपासणी म्हणजे ऑपरेशन नव्हे. सहा-आठ तास उपाशी राहायचं, घसा बधिर करणारा फवारा मारतात, बोटभर जाडीची लवचिक नळी अन्ननलिकेतून जठरात आणि पुढे आतड्याच्या तोंडापर्यंत नेऊन बघतात. काही मिनिटांचं काम. लागलं तर तिथेच तो जंतू तपासायला कणभर तुकडा घेतात. पन्नाशी उलटलेली, आठ-नऊ महिने गोळ्या घेऊनही त्रास हटत नाही, आणि वर तंबाखू. एवढं असताना मी तरी तपासणी पुढे ढकलणार नाही. घास अडकल्यासारखा वाटणं, वजन उतरणं, डांबरासारखी काळी शौच, उलटीत रक्त, रक्त कमी होणं, यातलं एकही असेल तर याच आठवड्यात जा.

आणि ताई, एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. छातीत दाटलं, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ गेली, दरदरून घाम आला, चालताना वाढलं, तर "गॅस झालाय" म्हणून सोडा पाजत बसू नका. तडक दवाखाना, ईसीजी. या वयात हृदयाचं दुखणं पित्ताचं सोंग घेऊन येतं आणि त्या अर्ध्या तासाला किंमत असते.

गोळी चालू ठेवायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण ही गोळी ज्या गटातली बहुधा असेल, ती जळजळ उठल्यावर घ्यायची नसते. सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी घेतली तरच नीट लागू पडते. मेडिकलवाल्याने हे कोणाला सांगितलेलं नसतं. जंतूची तपासणी करायची असेल तर गोळी आधी साधारण दोन आठवडे थांबवावी लागते, तेही विचारून घ्या. रात्रीचं जेवण आणि झोप यात तीन तास ठेवता आले तर उत्तम. फवारणीच्या दिवसांत ते जमणार नाही, हे मला कळतं. मग निदान संध्याकाळी सहाला बागेतच भाकरी पोचती करा आणि रात्री थोडंच खाऊ द्या. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा सरकवा. उशीवर उशी रचून उपयोग नाही, त्याने पोट दुमडतं. डाव्या कुशीवर झोपलं की जठराची पिशवी दाराच्या खाली राहते आणि आम्ल वर यायला कमी वाव मिळतो.

यजमानांना कसं सांगायचं, असं तुम्ही विचारलं आहे. सांगून ऐकतील असं मला वाटत नाही, पण बघितल्यावर ऐकतील. जो माणूस रोज सकाळी द्राक्षाचं पान उलटं करून डावणी रोगाचा ठिपका शोधतो, त्याला बारीक बघायला शिकवावं लागत नाही. त्यांच्या हातात आरसा आणि मोबाइलची बॅटरी द्या. चूळ भरून, उजेडात बसून, तोंडाच्या आत बघायला सांगा. ओठ बाहेर ओढून आतली बाजू. तंबाखू ठेवतात ती हिरडी आणि गालाची खाच. दोन्ही गाल. जीभ बाहेर काढून तिच्या कडा, मग टाळ्याला लावून जिभेच्या खाली. वरचा टाळा. कुठे पांढरा चट्टा, लाल डाग, जाडसर पट्टा, दोन आठवड्यांत न भरलेलं तोंड आलेलं असेल, तर ते थेट दातांच्या डॉक्टरांना दाखवायचं. त्यांचीच तीन बोटं उभी तोंडात जातात का, तेही बघायला सांगा. जात नसतील तर जबडा आवळत चालला आहे. आपल्या देशातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग खूप आढळतो आणि तो लवकर सापडला तर बरा होतो. पान करपल्यावर औषध मारून उपयोग नाही, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

तंबाखू सोडायला एकट्याने दात-ओठ खाऊन बसायची गरज नाही. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो, तो पुड्यांवर छापलेला असतो. सुटेपर्यंत निदान एवढं, की बागेत औषध मारल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय तळहातावर तंबाखू मळायची नाही. ते विष थेट तोंडात जातं.

दाढा बसवायचं खर्चिक वाटत असेल तर सांगलीच्या आसपास दंतमहाविद्यालयं आहेत, तिथल्या बाह्यरुग्ण विभागात बाहेरच्या मानाने खर्च बराच कमी येतो. काढता-घालता येणाऱ्या दातांपासून सुरुवात करता येते, पक्के नंतर बघता येतील. हलणारी दाढ आधी दाखवा. ती वाचली तर निदान एका बाजूचं जातं फिरेल. नवे दात आले की पहिले पंधरा दिवस त्रास होतो, टोचतात, लाळ सुटते. त्या दिवसांत ते काढून खुंटीला टांगू देऊ नका. टोचतं तिथे डॉक्टर घासून देतात.

ज्या दिवशी यजमानांना दातांच्या डॉक्टरांकडे न्याल, त्याच दिवशी सासूबाईंनाही न्या. त्यांचा नंबरही लावा. त्या भाकरी दुधात कुस्करून खातात, म्हणजे त्यांच्याही दाढा गेल्या असाव्यात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. आणि सुपारी खाणाऱ्या माणसाला अचानक तिखट सोसेनासं झालं, घास तोंडात धरवेना, तर गालाच्या आतली कातडी कडक होऊ लागल्याची ती पहिली खूण असू शकते. चटणी झोंबते, असं त्या सारख्या म्हणतात ना? त्यांच्या तोंडाला ती खरंच झोंबत असेल. इतके दिवस घरात कोणी ते त्यांचं दुखणं म्हणून ऐकलं नाही, भांडण म्हणूनच ऐकलं. तुम्ही एकदा त्यांच्याजवळ बसा, बॅटरी घ्या आणि म्हणा, "आत्या, तोंड उघडा बघू, कुठं झोंबतंय ते दाखवा मला."